राता : खारेपाटातल्या भाताची वंशकथा

पेणहून धरमतरच्या खाडीकडे निघाले की डोंगर मागे पडतात आणि सपाट, काळी, झाड नसलेली जमीन सुरू होते. वाशी, वढाव, दादर, रावे, जोहे ही गावे याच पट्ट्यात, म्हणजे खारेपाटात, वसली आहेत. यातली बरीचशी शेते उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहेत. समुद्र आणि भात यांच्यामध्ये असतो तो फक्त मातीचा बांध. रोह्याच्या बाजूला कुंडलिकेच्या काठानेही, यशवंतखारसारख्या गावांत, हाच प्रकार. या जमिनीत जे भात पिकले त्याची एक वंशावळ आहे. तिच्यात शेतकरी आहेत, सरकारी संशोधन केंद्र आहे, फिलिपिन्स आहे, सुंदरबन आहे. पण मुळाशी आहे एक तांबडे, जाडे, बाजारात कमी भाव मिळणारे भात. त्याचे नाव राता.

आधी बांधाविषयी, कारण त्याच्याशिवाय रात्याची गोष्ट सुरूच होत नाही. खाजणात कांदळवन आणि चिखल यांच्यामधून बाहेरचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीचे दार आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याने तेच दार घट्ट बसते. हे सारे काम शतकानुशतके हातांनी झाले. ओल्या चिखलाचे गोळे एकाने दुसऱ्याकडे द्यायचे, बांधावर थापायचे, आणि बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सगळ्या गावाने धावायचे. पेण-अलिबागकडे अशा बांधून काढलेल्या जमिनींची शिलोत्री ही वेगळी महसुली पद्धत होती. बांधाच्या डागडुजीसाठी त्यात धान्याचा वेगळा वाटा घेतला जाई. १८८३च्या कुलाबा गॅझेटिअरमध्येही गोड्या आणि खाऱ्या भातजमिनींचा विचार वेगवेगळा केलेला आहे.

बांध घालणाऱ्याच्या घरात भात किती उरे, हा मात्र निराळा प्रश्न होता. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे थांबवले. तो संप १९३९पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक ठेवणाऱ्या माणसांना आपल्या भाताचे मोल ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला आणि बांधांच्या कामात सरकार उतरले. १९७९मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी नवा कायदा केला.

आता रात्याकडे वळू. खारेपाटात उन्हाळ्यात जमीन भेगाळते. खालचे मीठ ओलाव्याबरोबर वर चढते आणि पांढऱ्या पापुद्र्यासारखे पृष्ठभागावर बसते. पहिले पाऊस ते धुऊन नेतात. शेतकरी या धुण्याची वाट पाहतो. गोड्या जमिनीत राब भाजून, रोपे करून, मग लावणी होते. खाऱ्या जमिनीत पुष्कळदा तसे न करता भिजवून मोड आणलेले बी चिखलात फेकतात. हीच रहूची पेरणी. त्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे, आणि वनस्पतिशास्त्र आज त्याला दुजोरा देते. भाताचे बी रुजताना मीठ बरेच सोसते. कोवळ्या रोपाला ते सोसत नाही. पुढे फुटवे येताना पीक पुन्हा थोडे दणकट होते आणि फुलोऱ्याच्या वेळी पुन्हा हळवे होते. रोप उपटून दुसरीकडे लावले की नेमक्या नाजूक वयात त्याच्या मुळांना इजा होते. जागच्या जागी वाढलेले रोप त्यातून सुटते.

राता हे सोसतो ते कसे? मिठातला सोडियम मुळांतून शिरतो आणि पानांत साठून पान जाळतो. खारसहिष्णू भाते सोडियमला मुळाशीच अडवतात. जेवढा वर चढतो तेवढा जुन्या पानांत ढकलतात आणि नवी पाने वाचवतात. शिवाय राता उंच वाढतो, भराभर वाढतो. झाडाचा पसारा मोठा असला की शिरलेले मीठ त्यात विरळ होते. ही उंची दुसऱ्या कारणानेही उपयोगाची होती. उधाणाच्या दिवसांत उघाडी बंद राहते, वरून पाऊस कोसळत असतो, आणि शेतात गुडघाभर पाणी तुंबते. बुटके भात त्यात गुदमरते. म्हणजे रात्याची लांबलचक काडी ही त्याची जगण्याची सोयच होती. ती काडी वाऱ्याने लोळते, दाणे कमी भरतात, हा त्या सोयीबद्दल मोजलेला दाम.

रात्याचा तांबूस रंगही जुना वारसा आहे. रानटी भाताचे दाणे तांबडेच असतात. पांढरा तांदूळ हा माणसाने वेचून जपलेला बिघाड आहे. रंग तयार करणारे जनुक त्यात मोडलेले असते. शहरांना पांढरा तांदूळ हवा होता आणि खारेपाटाला तांबड्या दाण्याचे भात जगवत होते. पेज, भाकरी, घरचा भात राताच पुरवी.

कर्जतला भातसंशोधन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. पनवेलला पुढे खारजमिनीसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. त्या काळातले काम प्रामुख्याने निवडीचे होते. शेतकऱ्याचे स्थानिक वाण म्हणजे खरे तर शेकडो थोड्याथोड्या वेगळ्या वंशांचे मिश्रण असते. त्यातून एकेक लोंबी वेचायची, तिचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, चांगली ओळ ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. भात स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून अशी निवडलेली ओळ पुढेही तशीच राहते. कोळंबा-४२, झिन्या-३१, पाटणी-६ ही नावे याच पद्धतीची. खारजमिनीसाठी या निवडीतून दोन नावे पुढे आली : काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१०. मागचे आकडे ओळींचे. पण प्रत्येक आकड्यामागे कोणा शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बियाणे होते, हे विसरून चालणार नाही. संशोधकांनी निवड केली ती मिठाने आणि शेतकऱ्याने आधीच केलेल्या निवडीतून.

निवडीला मर्यादा असते. मिश्रणात जे नाही ते निवडून मिळत नाही. उंच रात्यातून बुटका, जास्त दाण्याचा राता वेचता येईना, कारण तो तिथे नव्हताच. त्यासाठी संकर हवा होता.

संकराचे शास्त्र ज्या गावी आकाराला येत होते, तिथे आपल्याच कुलाबा जिल्ह्याचा एक विद्यार्थी त्या काळात वनस्पतिशास्त्र शिकत होता, हे मला नेहमी विलक्षण वाटते. चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. रोह्याशी त्यांचे घरचे नाते. पण १९१७मध्ये त्यांनी केंब्रिजला पदवी घेतली ती निसर्गविज्ञानांत, आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळवले. बागकामाची आवड त्यांना जन्मभर राहिली. मेंडेलचे नियम १९००मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर केंब्रिजच त्यांचे एक मोठे केंद्र बनले होते. तिथल्या रोलंड बिफेन यांनी गव्हावरचा तांबेरा सोसण्याचा गुण मेंडेलच्या हिशेबाने पुढच्या पिढीत उतरतो हे दाखवले, आणि १९१०मध्ये ‘लिटल जॉस’ हा गहू दिला. त्याचा एक जनक इंग्लंडचा भरघोस गहू, दुसरा रशियातला ‘घिर्का’ नावाचा. घिर्काने दिला तो तांबेऱ्याशी टिकाव.

त्याच केंब्रिजमध्ये याच्या आधी आणखी एक संकर घडला होता, आणि तो फुलांचा होता. मायकेल फॉस्टर हे तिथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. शेजारच्या शेलफर्ड गावी, चुनखडीच्या उतारावर, त्यांनी आयरिस वाढवले. ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी केसाळ पट्टी असते तो हा आयरिस. युरोपात तोवर जे दाढीवाले संकरित आयरिस होते ते मुख्यतः दोन जातींच्या संयोगातून आलेले : फिकट जांभळा पॅलिडा आणि पिवळा-तपकिरी व्हेरिगाटा. फ्रान्समध्ये लेमाँ नावाच्या बागवानाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची शेकडो रोपे बियांपासून काढली आणि नावे देऊन विकली. पण फुले लहान आणि दांडे बेताचे होते. फॉस्टर यांनी १८८०च्या दशकात तुर्कस्तान, सायप्रस, इराकच्या बाजूला राहणाऱ्या मिशनऱ्यांना आणि प्रवाशांना पत्रे लिहून रानातले कंद मागवले. अमास्या शहराजवळून आलेल्या कंदाला ‘आमास’ हेच नाव पडले. काश्मीरच्या कबरस्तानांत लावला जाणारा पांढरा आयरिसही त्यांनी संकरात वापरला. फॉस्टर १९०७मध्ये वारले. त्यांच्या रोपांतला ‘काश्मीर व्हाइट’ त्यानंतर बाजारात आला.

या आडदांड पाहुण्यांनी काय केले ते पुढे १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली कळले. युरोपातल्या जुन्या आयरिसांच्या पेशीत २४ गुणसूत्रे होती आणि तुर्कस्तान-काश्मीरकडच्यांत ४८. दोघांचा संकर केला की बहुतेक संतती वांझ निघे. पण क्वचित एखाद्या फुलात गुणसूत्रांची वाटणी अर्धवट राही, पूर्ण जोडीच परागात किंवा बीजांडात उतरे, आणि ४८चे सुपीक रोप जन्मे. आजचे हातभर उंच, तळहाताएवढ्या फुलांचे आयरिस याच घराण्याचे. फॉस्टर यांनी जे हाताने केले त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसले की रानातल्या रांगड्या झाडात काहीतरी आहे जे बागेतल्या झाडात नाही.

हा आयरिस पेण-रोह्यात लावून उपयोग नाही. त्याला थंडी लागते आणि आपल्या पावसात त्याचा कंद कुजतो. पण ज्या नजरेने फॉस्टर यांनी अमास्याकडे पाहिले, त्याच नजरेची खारेपाटाला गरज होती. इथे रांगडे झाड घरीच होते. बाहेरून यायचे होते ते दुसरे.

ते १९६६मध्ये आले. फिलिपिन्समधल्या लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ दिले. इंडोनेशियातले उंच ‘पेटा’ आणि तैवानचे बुटके ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा १९६२मध्ये केलेला तो संकर. कंबरेएवढी काडी, न लोळणारी, खत दिले की दाणाच धरणारी. भारतभर त्याचे स्वागत झाले. कर्जतला तैवानचेच दुसरे बुटके वाण, तायचुंग नेटिव्ह-१, कोळंबा-५४०शी जुळवून कर्जत-१८४ तयार झाले आणि ते गोड्या जमिनीत चांगले पसरले. खाऱ्या जमिनीत मात्र या नव्या भातांना पाय रोवता येईनात.

दापोलीला १९७२मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पनवेलचे केंद्र त्याच्याकडे आले. तिथे आयआर-८ आणि भुरा राता ४-१० यांचा संकर घडवला गेला.

भाताचा संकर किती नाजूक काम आहे ते सांगितलेच पाहिजे. भाताचे फूल म्हणजे दोन तुसांच्या आत लपलेला एक छोटा संसार. त्यात सहा परागकोश आणि एक स्त्रीकेसर असते. सकाळी उशिरा, ऊन तापले की तुसे थोडा वेळ उघडतात, पराग सांडतो, आणि पुन्हा मिटतात. तेवढ्यात ते स्वतःच फळते. म्हणून आदल्या दिवशीच, न उमललेल्या फुलाचे टोक कात्रीने छाटून, चिमट्याने सहाही परागकोश काढावे लागतात. एक जरी राहिला तरी सारे फुकट. मग लोंबीला कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाची उमलती लोंबी वर झटकायची. एका लोंबीत थोडेच दाणे धरतात. उकाड्यात, घामाच्या हातांनी, वाकून हे करणाऱ्या माणसांची नावे वाणाच्या नावात येत नाहीत.

पहिली पिढी सारी एकसारखी असते. खरी गंमत आणि खरी पंचाईत दुसऱ्या पिढीत. तिथे सारे गुण सुटे होऊन नव्याने वाटले जातात : उंच आणि तांबडे, उंच आणि पांढरे, बुटके आणि तांबडे, मीठ सोसणारे, न सोसणारे. तांबडा रंग प्रभावी, म्हणून बहुतेक दाणे तांबडेच दिसतात. पण रंग आणि मीठ सोसणे एकाच धाग्याला बांधलेले नाही, त्यामुळे पांढऱ्या दाण्याचे खारे भात शोधता येते. उंचीचे मात्र तसे नव्हते. रात्याची उंची हा त्याच्या टिकावाचाच एक भाग होता, हे वर आलेच आहे. आयआर-८चे बुटकेपण पूर्ण उचलले तर मीठ विरळ करणारा पसारा जातो आणि तुंबलेल्या पाण्यात पीक बुडते. रात्याची उंची पूर्ण ठेवली तर पीक लोळते. संकर करणाऱ्याला या दोहोंच्या मधली काडी शोधायची होती, आणि ती कागदावर नव्हे तर खारट चिखलातच सापडणार होती. पिढ्यामागून पिढ्या खाऱ्या वाफ्यांत पेरून, मेलेले मोजून, उरलेल्यांतून निवडून सात-आठ हंगामांनी ओळ स्थिर होते.

त्यातून ऐंशीच्या दशकात पनवेल-१ आणि पनवेल-२ बाहेर पडली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ला रायगड झाले होते. म्हणजे रायगडच्या खारजमिनीसाठी निघालेली ही संकरातली पहिली भाते. दोन्हींचे आईबाप तेच, पण पनवेल-१मध्ये आयआर-८ आई आहे आणि पनवेल-२मध्ये भुरा राता. पेशीतला केंद्रकाबाहेरचा ऐवज आईकडूनच येतो, म्हणजे पनवेल-२च्या प्रत्येक झाडात, कितीही पिढ्या गेल्या तरी, खारेपाटातल्या त्या तांबड्या भाताच्या पेशीचा तो भाग चालू आहे. माझ्या लेखी भाताच्या इतिहासातली ही फार मोलाची गोष्ट आहे. परदेशी वाण येते आणि देशी वाण हटते, हीच गोष्ट आपण हरितक्रांतीविषयी बहुधा ऐकतो. इथे परदेशी वाणाला देशी वाणाचा हात धरल्यावाचून शेतात शिरताच आले नाही.

पुढचे पनवेल-३ आणखी दूरच्या सोयरिकीचे. त्याचा एक जनक ‘दामोदर’, सुंदरबनातल्या खाऱ्या भातांतून निवडलेला, आणि दुसरा ‘पंकज’. गंगेच्या मुखाकडच्या चिखलात तयार झालेला गुण धरमतर-कुंडलिकेच्या चिखलाला लागू पडला. केरळचे पोक्कली, बंगालचे नोना बोक्रा आणि आपला काळा राता ही नावे खारसहिष्णुतेच्या जागतिक अभ्यासांत एका पंक्तीला येतात. किनाऱ्याकिनाऱ्यावर, एकमेकांना न ओळखणाऱ्या शेतकऱ्यांनी एकच प्रश्न आपापल्या बियाण्यात सोडवला होता.

कर्जतने १९९८मध्ये ‘सह्याद्री’ हे संकरित भात दिले. संकरित या शब्दाचा शेतकऱ्याला अधिक परिचित असलेला अर्थ तो : पहिल्या पिढीचेच बी पेरायचे, तिचा जोम घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे विकत आणायचे. त्यासाठी परागच न बनवणारी वांझ-नर आई लागते, तिला टिकवणारी दुसरी ओळ लागते, आणि संततीत सुपीकपणा परत आणणारा बाप लागतो. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या चमूला १९७०मध्ये हैनान बेटावर रानटी भाताचे असे वांझ-नर झाड सापडले, त्यावर हे तंत्र उभे राहिले. पुन्हा रानातलेच झाड! आयरिसचा कंद तोडून लावला की एकच संकर शंभर वर्षे जसाच्या तसा राहतो. पनवेल-१ स्थिर केलेले असल्यामुळे घरचे बी पुन्हा पेरता येते. सह्याद्रीला मात्र दर हंगामी पैसे मोजावे लागतात. पाणी आणि खत हाताशी असलेल्या गोड्या जमिनीत तो व्यवहार परवडू शकतो. एका उधाणात पीक जाण्याची भीती असलेल्या शेतकऱ्याने मात्र घरचे बी राखता येणारे वाण धरावे, यातच त्याचे हित आहे असे मला ठामपणे वाटते.

कारण शेवटी वाणालाही मर्यादा आहेत. पनवेलची भाते जमिनीत उरलेले मीठ सोसतात. बांध फुटून आत आलेला समुद्र सोसत नाहीत. गेल्या काही दशकांत रोह्याची औद्योगिक वसाहत, डोलवीचा पोलाद कारखाना, मुंबई-पनवेलच्या नोकऱ्या यांनी खारेपाटातली तरुण माणसे ओढून घेतली. बांधावर धावणारे हात कमी झाले. खांड वेळेवर बुजली नाही की दोन-तीन वर्षांत शेताचे खाजण होते आणि भाताच्या जागी कांदळ उगवतो. तरी पेणच्या शेतकऱ्यांनी जमिनीवरचा हक्क सोडलेला नाही. २१ सप्टेंबर २००८ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी जनमत घेतले गेले, आणि त्यामागे भातशेती आणि धरणाचे पाणी हाच मुद्दा होता.

या सगळ्यात राता मात्र शेतांतून हटत गेला. आपल्याच लेकरांनी त्याची जागा घेतली. बियाण्यांच्या शीतगृहांत भुऱ्या आणि काळ्या रात्याचे नमुने आहेत, आणि ते असणे आवश्यकच आहे. पण ते पुरेसे नाही. समुद्र चढतो आहे, उधाणे बदलत आहेत. पुढचा संकर करणाऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या मिठाला सरावलेला राता नको, आजच्या मिठाला तोंड देणारा हवा. त्यासाठी वाशी किंवा वढावच्या बाहेरच्या बांधाजवळ काही गुंठे तरी दरवर्षी रहू पद्धतीने रात्याखाली ठेवावेत, त्या शेतकऱ्याला कमी उताऱ्याची भरपाई विद्यापीठाने किंवा खारभूमी विभागाने द्यावी, आणि कापणीच्या वेळी तग धरलेल्या लोंब्या पनवेलच्या केंद्राने वेचून न्याव्यात.